भंगारवाला जे घेत नाही त्याचा नाताळ

वसई पश्चिमेच्या भुईगाव-गिरिज पट्ट्यातल्या एका वाडीत तरुण मंडळींनी लागोपाठ दोन वर्षं नाताळचा गोठा (येशूजन्माचा देखावा) आणि तारे घरातल्या टाकाऊ वस्तूंतून केले. पहिल्या वर्षीची सजावट सगळ्यांना आवडली आणि जानेवारीत तीच डोकेदुखी झाली. दुसऱ्या वर्षी त्यांनी पद्धत मुळापासून बदलली. हे टिपण त्या दोन वर्षांचं. मी त्या वाडीतला नाही. त्यांच्या गोठ्याची लाईट मी जोडून देतो, त्यामुळे पहिली कामटी बांधल्यापासून शेवटची सुतळी सुटेपर्यंत सगळं बघायला मिळालं. नावं कोणाचीच घालत नाही, तसं आमचं आधीच ठरलं होतं.

वसईबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. १५३४ ते १७३९ वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता. तेव्हापासून रुजलेला इथला ख्रिस्ती समाज बराचसा मराठी बोलणारा आहे, त्याची मिस्सा (चर्चमधली उपासना) मराठीत असते आणि नाताळची गाणीही. गोठा घरोघरी असतो, शिवाय वाडीचा एक मोठा सार्वजनिक गोठा असतो. गव्हाण २४ डिसेंबरपर्यंत रिकामी ठेवतात आणि मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर बाळ येशूची मूर्ती तिच्यात ठेवतात. ६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की मग उतरवाउतरवीचं बघायचं. म्हणजे ही सजावट तीन-चार आठवडे उघड्यावर टिकली पाहिजे, तीही समुद्राजवळच्या डिसेंबरातल्या दवात. टाकाऊतून टिकाऊ शिकवणाऱ्यांच्या लक्षात हे सहसा येत नाही. त्यांची सजावट दिवाणखान्यातल्या टेबलावर असते.

थर्माकोल गेला

पूर्वी इथला प्रत्येक मोठा गोठा थर्माकोलचा असायचा. डोंगर, गुहा, घरांच्या भिंती, बर्फ, सगळं त्यातूनच. मग २०१८ मध्ये राज्याची प्लास्टिक-थर्माकोल बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून केंद्राच्या एकल वापराच्या प्लास्टिकबंदीच्या यादीत सजावटीच्या थर्माकोलचं नाव स्वच्छ लिहून आलं. तरी एका मुलाचा मुद्दा बिनतोड होता: "टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल घरात पडलाच आहे, तो फेकण्यापेक्षा वापरू." दोन संध्याकाळी यावर वाद झाला. शेवटी निकाल असा लागला की बघणाऱ्याला तो खोक्यातला की दुकानातला हे कळणार नाही, आणि शेजारची वाडी आपलं बघून नवा आणेल. मला हा निकाल पटला.

त्या बदल्यात ठरलं की घरचा कचरा वापरायचा. वाडीतल्या मोकळ्या पडवीत महिनाभर बाटल्या, पुठ्ठे, डबे, जुन्या सीडी, वर्तमानपत्रं जमत गेली. शीतपेयाच्या बाटलीचा तळ पाच पाकळ्यांचा असतो. तो कापून चंदेरी स्प्रे मारला की आयती चांदणी तयार होते. मुलांनी त्या पोत्यांनी केल्या. वर्तमानपत्राच्या नळ्या छत्रीच्या काडीवर वळून, फेविकॉलने चिकटवून, सोनेरी रंगवल्या. सगळ्यावर चमकी. गुहेसाठी गोणपाटं सिमेंटच्या पाण्यात बुडवून लाकडाच्या सांगाड्यावर टाकली. गोठा झाला देखणा, याबद्दल दुमत नाही. फादरांनीही मिस्सेत कौतुक केलं.

जानेवारीत सगळं उतरवलं आणि भंगारवाल्याला बोलावलं. त्याने पोत्यात हात घातला, एक चांदणी बाहेर काढून नखाने रंग खरवडून बघितला आणि पोतं परत बांधलं. "भाऊ, साध्या बाटल्या असत्या तर घेतल्या असत्या. हे नाही चालत." कागदाच्या नळ्यांनाही तोच न्याय लागला, कारण फेविकॉल, रंग आणि चमकी लागलेली रद्दी रद्दीत जात नाही. सिमेंटचं गोणपाट तर घणाने फोडावं लागलं. जवळजवळ सगळा ढीग शेवटी पालिकेच्या गाडीत गेला, ओल्या-सुक्याचा भेदही न करता.

म्हणजे झालं काय? ज्या बाटल्या आणि जी रद्दी आपल्या वाटेने पुन्हा कारखान्यात गेली असती, तिला रंग-गोंद लावून या मंडळींनी कायमचा कचरा करून टाकला. टाकाऊतून टिकाऊच्या बहुतेक शिबिरांत हेच चालतं आणि त्याचे फोटो पर्यावरण या नावाखाली फिरतात. चमकीबद्दल तर बोलायलाच नको. ती प्लास्टिकची बारीक पूड असते, झाडून निघत नाही, पावसाबरोबर ओढ्यात जाते. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे ती नाताळच्या प्रत्येक दुकानात पुडीने मिळते.

उलटी यादी

दुसऱ्या वर्षीची कल्पना वाडीतल्या एका मुलीची. ती म्हणाली, भंगारवाल्यालाच विचारू तो काय घेत नाही, आणि तेवढंच वापरू. तिने खरंच त्याला ओट्यावर बसवून चहा दिला आणि यादी केली. तो घेतो: वर्तमानपत्र, पुठ्ठा, स्वच्छ बाटल्या, तेलाचे डबे, लोखंड, ॲल्युमिनियम, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या. तो घेत नाही: वेफर्स-बिस्किटांची वेष्टनं, औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, ज्यूसचे टेट्रा पॅक, छत्रीचं फाटकं कापड, चिंध्या, थर्माकोल. गावोगावी ही यादी थोडीफार बदलेल. आपापल्या भंगारवाल्याला विचारावं.

त्या दुसऱ्या यादीत वाडीतली झाडं भर घालतात. केळीच्या बागा इथे अजून शिल्लक आहेत, म्हणून सोपट (केळीच्या खोडाची साल) फुकट. नारळाच्या झावळ्या, करवंट्या, काथ्या. हे सगळं खड्ड्यात टाकलं की खत.

यादीबरोबर दोन नियम आले. पहिला, गोंद आणि रंग बंद. जोडायचं ते शिवून, बांधून किंवा खाच पाडून अडकवून. दुसरा, वस्तू प्रत्येक घराने धुऊन, वाळवून आणायची, न धुतलेली परत. हा दुसरा नियम का आला ते सांगायला हवं. पहिल्या वर्षी सगळा माल पडवीत आला तसा आला आणि रात्री नऊनंतर घरची कामं उरकून तो धूत बसल्या त्या बायका. मुलगे तारा बांधत होते, त्यांचे फोटो निघत होते. एका मावशीने बैठकीत सरळ विचारलं, "गोठा वाडीचा आणि मोरी माझी का?" यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. अशा उपक्रमांच्या हिशेबात पैसे वाचलेले दिसतात. धुण्याचे तास कोणी धरत नाही.

वेफर्सची पिशवी धुणं हे वाटतं तेवढं सोपं नाही. तेल साध्या पाण्याने जात नाही. पिशवी शिवणीवर उकलून सपाट करायची, गरम पाणी आणि भांड्यांची पावडर, मग उन्हात आतली चंदेरी बाजू वर करून वाळवायची. जराही तेलकट राहिली तर वास राहतो आणि मागून उंदीर येतो. बिस्किटाच्या कागदातला चुरा राहिला तर मुंग्या येतात. नीट धुतली तर मात्र ती झकास वस्तू आहे. दवाला, उन्हाला दाद देत नाही आणि कात्रीने झिरमिळ्या पाडल्या की वाऱ्यावर सळसळते.

तारा

नाताळचा तारा बांधण्यात वाडीतले नाना वाकबगार. त्यांची पद्धत जुनी आणि सरळ: सारख्या लांबीच्या दहा कामट्या, पाच-पाचच्या दोन पंचकोनी चांदण्या. कामट्या एकमेकींवरून जातात तिथे वर-खाली, वर-खाली अशी वीण सांभाळायची आणि प्रत्येक छेदावर दोऱ्याचा फास मारायचा. मग दोन्ही चांदण्या एकमेकींवर ठेवून पाची टोकं बांधून टाकायची. शेवटी आतल्या पाच कोपऱ्यांत, दोन चांदण्यांच्या मध्ये, कामटीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढ्या पाच काड्या आडव्या दाबून बसवायच्या. त्या बसल्या की मधला भाग फुगतो आणि सपाट चांदणीचा भरीव तारा होतो. नाना त्या पाच काड्या बसवताना कोणालाही हात लावू देत नाहीत, कारण एक जरी लांब झाली तर टोक तिरकं जातं.

लहान ताऱ्यांसाठी कामट्या मिळाल्या शेजारच्या हिंदू घरांतून. तुळशीचं लग्न झालं की आकाशकंदील उतरतात, कागद फाटलेला असतो आणि सांगाडा कोणाला नको असतो. मोठ्या ताऱ्यासाठी मी केसिंग पट्टीचे, म्हणजे भिंतीवरची वायर झाकायच्या प्लास्टिक पट्टीचे, उरलेले लांब तुकडे दिले. वायरिंगच्या कामावर असे तुकडे नेहमी पडून राहतात. हलके, कुजत नाहीत, वाकवले तर मोडत नाहीत. नानांना प्लास्टिक आवडलं नाही, पण वजन हातात घेऊन बघितल्यावर गप्प राहिले.

खरा प्रश्न वरच्या आवरणाचा. पतंगी कागद गव्हाच्या खळीने लावायचा ही रीत, आणि तो तारा पेटल्यावर जो मऊ प्रकाश देतो त्याला तोड नाही. पण पहाटेच्या दवाने खळ सुटते, कागद लोंबतो, चार दिवसांत बुरशीचे ठिपके दिसतात. पहिल्या वर्षी खाली टांगलेला एक तारा तर शेळीने खळीच्या वासाने ओढून खाल्ला. पोरांनी तो प्रसंग इतक्यांदा सांगितला की शेळीचे किस्से गोठ्यापेक्षा लांब झाले.

म्हणून दुसऱ्या वर्षी टेट्रा पॅक. याचा बराचसा भाग पुठ्ठा असतो, वजनात ७० ते ७५ टक्के. बाकी पॉलिथिनचे थर आणि ५ टक्क्यांच्या आसपास ॲल्युमिनियम. आतली चंदेरी बाजू बाहेर केली की पत्र्यासारखी चकाकते. दाभणाने कडेला भोकं पाडून सुतळीने तुकडे एकमेकांना शिवले. इथे दोन अडचणी आल्या. एक म्हणजे प्रकाश आरपार जात नाही. आत दिवा लावला तर तारा काळा, फक्त शिवणीतून रेषा. दुसरी, कापलेल्या कडेला पुठ्ठा उघडा पडतो आणि दव तिथून आत शिरून कड फुगते.

कडेचा उपाय मेण. वितळलेल्या मेणात कड क्षणभर बुडवून काढली की काम झालं. मेण कुठलं, यावर मात्र वाद झाला. २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, दफनभूमीत इतक्या मेणबत्त्या लागतात की तिथून गोळा केलं असतं तर वर्षभर पुरलं असतं. एक म्हातारी ठाम राहिली: थडग्यावरचं मेण ताऱ्याला नको. तरुणांना त्यात वावगं दिसत नव्हतं, पण तिचं मन मोडायचं नाही एवढं सगळ्यांना कळत होतं. घराघरांतल्या देव्हाऱ्यातले मेणबत्त्यांचे बुंधे जमवून काम भागलं.

प्रकाशाचा उपाय गोळ्यांच्या पाकिटांत सापडला. वाडीत म्हातारी माणसं पुष्कळ, बीपी आणि साखरेच्या गोळ्या घरोघरी, त्यामुळे हा माल कधी कमी पडला नाही. पाकिटाचा मागचा ॲल्युमिनियमचा पापुद्रा सोलून काढला की पारदर्शक प्लास्टिक उरतं, त्यात दोन ओळींत फुगीर घुमट. टेट्रा पॅकच्या पाकळीत बरोबर तेवढी खिडकी कापायची आणि मागून हे पाकीट दोऱ्याने टाचायचं. आत दिवा लागला की प्रत्येक घुमट वेगळा पेटतो, आणि बाजूने चालत जाताना ठिपके एकामागून एक विझत-लागत जातात. मी आजवर बरेच तारे जोडलेत; विकतच्या एकाही ताऱ्यात ही गंमत बघितली नाही. काळजी एवढीच: पाकिटाचे कोपरे धारदार असतात, ते आधी गोल कापून घ्यायचे, आणि पाकिटात गोळी राहिली नाही ना हे मोठ्या माणसाने बघायचं, कारण सोलायला लहान मुलंच बसतात.

आता दिवा. नानांच्या पिढीला ताऱ्यात झिरोचा बल्ब लागतो. त्याला झिरो म्हणतात, पण जुन्या पद्धतीचा तो बल्ब १२ ते १५ वॅट खातो आणि त्यातली बरीचशी उष्णताच होते. पतंगी कागदाच्या ताऱ्यात वरच्या फटीतून ती निघून जायची. बंदिस्त टेट्रा पॅकमध्ये ती जात नाही. चाचणीच्या रात्री तासाभरात आतलं पॉलिथिन मऊ पडून वास यायला लागला. मी तो बल्ब काढून एलईडी लावला, जोड ताऱ्याच्या बाहेर आणि टेप मारून वर घेतला, आणि दव वायरवरून ओघळून जोडात शिरू नये म्हणून वायरीला जोडाच्या अलीकडे खालच्या बाजूला एक झोळ दिला. घरी करणाऱ्यांनी एवढं तरी पाळावंच.

गोठ्याचं आभाळ

दर पावसाळ्यानंतर वसईतल्या प्रत्येक घरात एखादी मोडकी छत्री असतेच. काड्या लोखंडात जातात, कापड कोणी घेत नाही. काळ्या छत्र्यांचं कापड उसवलं तर आठ-आठ त्रिकोण मिळतात आणि ते उलटसुलट जोडून शिवले की सलग पट्टा होतो. शिलाई मशीन असलेल्या एका काकूंनी असा गोठ्याच्या मागच्या भिंतीएवढा पडदा शिवला. गोळ्यांच्या पाकिटांचा जो पापुद्रा सोलून काढला होता, त्याचे कपटे त्यावर टाचून तारे केले. कापड मुळात पाणी झेलायलाच केलेलं, त्यामुळे दवाने त्याला काही झालं नाही. संध्याकाळच्या उजेडात ते जुनं, विटकं दिसायचं. रात्री लाईट लागली की काळंभोर.

गुहेसाठी दिवाळीच्या किल्ल्याची युक्ती कामाला आली. गोणपाट सिमेंटऐवजी चिकणमातीच्या दाट पाण्यात बुडवून टाकलं. ते सिमेंटएवढं टणक होत नाही, टवके पडतात, रोज संध्याकाळी कोणीतरी ओला हात फिरवावा लागतो. पण वर झावळ्यांचं छप्पर होतं, त्यामुळे चाललं. हिरवळ अंड्यांच्या फाटक्या ट्रेमध्ये. ट्रे लगद्याचा असतो, ओलावा धरतो. खळग्यांत माती भरून गहू पेरला की आठ-दहा दिवसांत हिरवं दिसतं. घाई असेल तर अळीव, तो त्याहून लवकर उगवतो.

आगमनकाळाचं, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या मेणबत्त्यांचं, चक्र मात्र मला फसलेलं वाटलं. जुन्या सायकलच्या टायरला सोपट गुंडाळलं, त्यावर रिवाजाप्रमाणे तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती. सुकलेलं सोपट कागदासारखं पेटतं. पहिल्याच रविवारी एका सिस्टरने ते बघून मेणबत्त्या काचेच्या बरण्यांत ठेवायला लावल्या. धोका गेला, पण मग चक्र बरण्यांच्या मागे झाकून गेलं.

गोठ्यांच्या स्पर्धेत या वाडीला बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांच्या कागदावर भव्यतेचा रकाना होता आणि शेजारच्या वाडीने फिरता धबधबा केला होता. पोरं दोन दिवस नाराज होती. माझं मत विचाराल तर १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावात संत फ्रान्सिसने जो गोठा मांडला, तो सुकं गवत, एक बैल आणि एक गाढव एवढ्यावर उभा होता. भव्यतेचा रकाना तेव्हा नव्हता.

उतरवताना

दुसऱ्या जानेवारीत उतरवायला एक संध्याकाळ पुरली. दोरा कापला की वस्तू सुट्या. सोपट, झावळ्या, गव्हाचे ट्रे खड्ड्यात गेले, माती परत बागेत, गोणपाट धुऊन वाळत. तारे सांगाड्यासकट पडवीच्या माळ्यावर, छत्रीचं आभाळ घडी करून पत्र्याच्या ट्रंकेत. ट्रंकेत नानांनी कडुलिंबाचा पाला टाकायला लावला.

या पद्धतीने वाडीचा कचरा कमी झाला असं मंडळातली पोरं सांगतात, तेव्हा मी हसतो. वेफर्सची पिशवी तारा झाली काय, झिरमिळी झाली काय, कधीतरी फाटणार आणि पालिकेच्या गाडीतच जाणार, फक्त उशिरा. फरक पडला तो दुसरीकडे. स्प्रे, चमकी, फेविकॉल, थर्माकोल यातलं काही विकत आणलं नाही, आणि भंगारवाल्याच्या वाटेचं भंगार त्यालाच मिळालं. त्या बाटल्यांचे पैसे मंडळाच्या डब्यात जमा झाले, त्यातून एलईडीची माळ आली. एवढाच हिशेब मला खरा वाटतो.

आता विषय आहे मूर्तींचा. जुना प्लास्टरचा संच झिजलाय, एका मेंढपाळाचा हात गेलाय, गाढवाचे कान गेलेत. भंगारवाला घेत नाही असा फेविकॉल लागलेला, रंगलेला कागद पहिल्या वर्षीचा अजून एका पोत्यात निघाला, त्याचाच लगदा करून मूर्ती कराव्यात असं नाना म्हणतात. लगद्यात मेथीची पूड घालायची, म्हणजे कीड लागत नाही. खळीत पूर्वी मोरचूदही घालायचे, झुरळं येत नाहीत म्हणून. पण ते विषारी, लहान मुलं हात घालणार तिथे नको, हे काकूंनी आधीच सांगून ठेवलंय. मुलांना वाटतं डिसेंबरात सुट्टी लागली की बसू. नाना ऐकत नाहीत. पाऊस सरला की लगेच, ऑक्टोबरच्या उन्हातच लगदा घालायचा. नोव्हेंबर अखेरीस घातला तर वरून वाळलेला दिसतो, आतून ओला राहतो, आणि रंग दिल्यावर महिनाभराने तडकतो.